ढाळज : आत कुणी कुठवर यायचं?

‘ढाळज’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड, नांदेडकडच्या मंडळींनी, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्यांनी, लगेच हात वर केला असेल. कुणी ढेलज म्हणतं, कुणी ढेळज. तिशीच्या आतल्या पोरांना विचारा, दहातल्या आठ जणांना तो माहीत नसतो. घरातून वस्तू गेली की शब्दही जातो, हे तसं नेहमीचंच. पण हा शब्द ज्या जागेचा आहे, त्या जागेनं आपल्या गावगाड्यात जे काम केलं, ते अजून संपलेलं नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी जागा समजून घेऊ. मराठवाड्यातल्या जुन्या मोठ्या वाड्याचा मुख्य दरवाजा ओलांडला की आपण थेट चौकात येत नाही. मध्ये छप्पर असलेली एक जागा लागते. मधून जायची वाट, दोन्ही अंगांना दगडी बांधणीचे ओटे, वर लाकडी तुळया आणि माळवद. भिंतीत कोनाडे, दिवा ठेवायला दिवळी, खुंट्या. दरवाज्याच्या मागं भिंतीत सरकवायचा भक्कम अडसर. हीच ढाळज. बऱ्याच वाड्यांत ढाळजेतून चौकात जाताना वाट मुद्दाम वळवलेली असते किंवा समोर आडभिंत असते. म्हणजे दरवाजा सताड उघडा असला तरी रस्त्यावरच्या माणसाला आतलं घर दिसत नाही.

ऊन लागत नाही, वारा खेळता राहतो, आणि रस्त्यावरून कोण आलं कोण गेलं हे बसल्या जागी कळतं. जुन्या वाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यात सुखाची जागा कोणती, असं मला विचाराल तर मी ढाळजच सांगेन.

शब्द फारसीतला. मूळ ‘दहलीझ’. फारसीत त्याचा अर्थ दरवाज्यापासून आतल्या घरापर्यंत नेणारी जागा, बोळ, प्रवेशाची खोली. हाच शब्द हिंदी-उर्दूत गेला आणि आक्रसला. तिथं ‘दहलीज’ म्हणजे नुसता उंबरठा उरला. सिनेमातली नायिका ‘दहलीज’ ओलांडते ती चार बोटं उंचीची लाकडाची पट्टी असते. आमच्याकडं मात्र शब्दाचा उच्चार मोडला तरी अर्थ शाबूत राहिला. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम अशी शतकानुशतकं ज्या मुलखावर फारसी दफ्तराची सत्ता होती, तिथल्या मराठीनं दरवाजा, दिवाणखाना, दालन हे शब्द जसे घेतले तशीच ढाळजही घेतली आणि ती आपली करून टाकली. ‘ढाळजंत बस’ असं म्हणणाऱ्या आजीला आपण फारसी बोलतोय असं कधी वाटलं नाही.

आता त्या जागेत काय चालायचं ते बघू. कारण खरी गोष्ट तिथं आहे.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनदार मंडळी. त्यांच्या घराची ढाळज हेच त्यांचं ऑफिस. सारा कुणी भरला, कुणाचा राहिला, बांधाचं भांडण, पाण्याची पाळी, सावकारीचा हिशेब, लग्नाची बोलणी, परगावचा पाहुणा, तालुक्याहून आलेला शिपाई, सगळं इथंच. रात्री राखणदार इथंच झोपायचा. काही गावांत पंतोजींची शाळाही एखाद्या ढाळजेतच भरायची. म्हणजे मालकी खाजगी, पण कारभार गावाचा. एका घराच्या छपराखाली अख्ख्या गावाचे निर्णय व्हायचे.

आणि म्हणूनच ढाळजेत कुणी कुठं बसायचं याला फार महत्त्व होतं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ असायचा. मालक ओट्यावर, लोडाला टेकून. त्यांच्या बरोबरीचे समोरच्या ओट्यावर. कुणबी, कूळ, देणेकरी ओट्याच्या कडेला किंवा खाली वाटेत. बलुतेदार ज्याच्या त्याच्या कामापुरता आत यायचा. न्हावी हजामत करायला ओट्यापर्यंत, सुतार-लोहार काम असेल तेवढ्यापुरता. आणि ज्या माणसानं गावची वेस राखायची, सरकारी निरोप पोचवायचे, गावच्या शिवेची साक्ष द्यायची, ज्याच्या शब्दावर बांधाचे तंटे मिटायचे, तो महार दरवाज्याच्या बाहेर उभा. त्याचा आवाज ढाळजेत यायचा. तो स्वतः यायचा नाही. ज्यानं गावाची राखण करायची त्यालाच गावाच्या कारभाराच्या ओट्यावर जागा नव्हती.

बायकांचं काय? ढाळज ही पुरुषांची जागा. घरातल्या बाईनं तिथं बसायचं नाही. बाहेर जायचंच झालं तर पदर सावरून, मान खाली घालून, झपाट्यानं पार व्हायचं. जिथं मागच्या अंगाला लहान दार होतं तिथं बायकांचा वावर त्या दारानं. वळणावर जी आडभिंत होती ती आतल्या बायकांना बाहेरच्या नजरेपासून वाचवायची हे खरं. पण त्याच भिंतीमुळं आतल्या बाईला बाहेरचं जग दिसत नसे, हेही तितकंच खरं. वाडा कितीही मोठा असू दे, ज्या जागेत त्या घराचे आणि गावाचे निर्णय होत ती जागा तिच्यासाठी फक्त जाण्यायेण्याची वाट होती.

जुन्या वाड्यांचे सुंदर फोटो टाकून ‘काय ते दिवस’ असं लिहिणाऱ्या पोस्ट रोज दिसतात. मलाही वाडे आवडतात. कोरीव खांब, तुळयांची नक्षी, ते थंडगार ओटे बघायला मी आडवाट करून जातो. पण कुठल्याही ढाळजेत पाय ठेवला की मी एक प्रश्न मनाशी विचारतो. शंभर वर्षांपूर्वी मला इथं कुठवर येऊ दिलं असतं? तुम्हीही विचारून बघा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, आणि वाड्याबद्दल काय वाटतं ते त्या उत्तरावर ठरेल.

ढाळजेचा कारभार एका दिवसात संपला नाही. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. वसुली पगारी अंमलदारांकडे गेली, देशमुख-देशपांड्यांना रुसूम म्हणून ठरावीक रक्कम मिळू लागली. तालुक्याची सत्ता कचेरीत गेली, गावातली मात्र ढाळजेतच राहिली, कारण मालीपाटील, पोलीसपाटील आणि पटवारी ही कामं त्याच घराण्यांकडं होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट गेली. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली कूळ कायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला आणि गावाच्या कारभाराला कुणाच्या घराबाहेरची, कायद्यानं सगळ्यांची अशी जागा मिळाली. पत्र्याची का असेना, एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या.

निदान कागदावर. गावात राहिलेल्यांना माहीत आहे की कित्येक वर्षं ग्रामपंचायतीच्या सभा रजिस्टरात व्हायच्या आणि निर्णय ढाळजेत. सभेच्या वहीवर सह्या घ्यायला शिपाई घरोघर हिंडायचा. निवडून आलेला मागासवर्गीय सदस्य पंचायतीच्या खुर्चीवर बसायचा आणि संध्याकाळी वाड्यावर गेला की खालीच बसायचा. खुर्ची बदलली, पण बसायची सवय बदलायला दोन पिढ्या गेल्या. काही ठिकाणी अजून जाताहेत.

मग आलं १९९३. त्या वर्षी एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. पुढं २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. जिला ढाळजेतून मान खाली घालून जावं लागायचं, तिला कायद्यानं सरपंचाच्या खुर्चीवर बसवलं. सरपंचपती नावाचा प्रकार आपण सगळेच बघतो, त्याची टिंगलही करतो. तरीसुद्धा ही उलथापालथ लहान नव्हती.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी अशी गावंच्या गावं भुईसपाट झाली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडेल असा नव्हता. माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन, चार-चार फूट रुंद दगडी भिंती, दगड बसवायला नुसता चिखल, आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत गुंतवणारा दगड नाही. वर माळवद. माळवदावर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडत गेलेली, त्यामुळं डोक्यावरचं ओझं दर पिढीला वाढत गेलेलं. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा काही घरांत उभा राहिला, पण भिंती ढासळल्या आणि झोपलेली माणसं दगडाखाली गेली.

दगड-मातीच्या घरांची धास्ती तेव्हापासून जी बसली ती अजून उतरलेली नाही. ज्यांची घरं शाबूत होती अशांनीही माळवदं उतरवली, पत्रे टाकले. कित्येक ढाळजा तेव्हा गेल्या. ज्यांनी आपल्या लेकरांना दगडाखालून काढलं, त्यांना ‘वारसा जपा’ असं सांगायचा अधिकार मला तरी वाटत नाही.

पण पुढं जे बांधलं त्याबद्दल बोललं पाहिजे. जागतिक बँकेच्या मदतीनं आणि अनेक संस्थांच्या देणग्यांतून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या ठिकाणी वसवली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, आखलेले प्लॉट, सिमेंटची घरं. आणि घर किती मोठं द्यायचं ते कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. एका रात्रीत सगळ्यांची घरं सारखीच मातीत मिळाली होती. पाटलाचा वाडा आणि मजुराचं खोपट यांत त्या पहाटे काही फरक उरला नव्हता. सरकारला कोऱ्या पाटीवर गाव लिहायची संधी होती. आणि आपण ढाळजेतली उतरंडच चौरस फुटांत लिहून काढली. आधी ज्याची जमीन जास्त तो ओट्यावर बसायचा, आता त्याला तिप्पट घर मिळालं. मराठवाड्यात जमीन कुणाच्या नावावर होती आणि कुणाच्या नव्हती हे ज्याला माहीत आहे, त्याला ही यादी जातीच्या यादीसारखी का दिसते ते वेगळं सांगायला नको. नुकसानीच्या प्रमाणात भरपाई असं त्याचं समर्थन होतं, आणि ते अगदीच बिनबुडाचं होतं असंही नाही. पण २५० चौरस फुटांत सहा माणसांचं कुटुंब, शेळ्या, सरपण आणि धान्य कसं बसतं हे तिथं राहणाऱ्यालाच कळतं.

आणि या तिन्ही आकारांत एक गोष्ट सारखी होती. ढाळज कुणालाच नव्हती. ओटाही पुष्कळ घरांना नव्हता. दार उघडलं की थेट खोली, खोलीतून थेट रस्ता. शेतकऱ्याचं आयुष्य निम्मं आत आणि निम्मं बाहेर असतं. आलेल्याला बसायला, ओलं अवजार टेकवायला, म्हाताऱ्याला दिवसभर पडून रस्ता बघायला, बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस डोकावू नये म्हणून, अशी मधली जागा लागतेच. नकाशा काढणाऱ्यांनी घर म्हणजे खोल्या मोजल्या. मधली जागा कुणी मोजलीच नाही.

लोकांनी ती स्वतः करून घेतली. आज त्या गावांतून चक्कर मारा. दारापुढं पत्र्याचं शेड, शेडखाली फरशी, बाजूला सिमेंटचा कठडा, कुठं कुडाचा आडोसा. ज्याला जसं जमलं तसं. नाव ढाळज नाही, ‘शेड’ म्हणतात. पण काम तेच. आणि इथं मला एक चांगली गोष्टही दिसते. ढाळज फक्त वाड्याला असायची. शेड मात्र २५० फूटवाल्याच्या दारातही आहे. त्याच्या दारात आता त्याचा पाहुणा बसतो, आणि कुणी कुठं बसायचं ते तो ठरवतो. ही नुसती सोय झाली असं मी म्हणणार नाही. ज्याच्या आज्याला दुसऱ्याच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं, त्याच्यासाठी स्वतःच्या दारात चार माणसं बसवता येणं ही प्रतिष्ठेची बाब आहे.

आता शहराकडं या.

शहरात ढाळज नाही असं वाटतं ना? सोसायटीच्या गेटवर जाऊन अर्धा तास उभे राहा. वॉचमनची केबिन, आडवा दांडा, रजिस्टर किंवा मोबाइलमधलं ॲप. मालकाची गाडी आली की दांडा आपोआप वर. पाहुण्याला एक फोन करून आत. कामवाल्या मावशींना ओळखपत्र, आणि जाताना काही ठिकाणी पिशवीची झडती. डिलिव्हरीच्या पोराला नाव, नंबर, फोटो, गाडी बाहेर, आणि लिफ्ट वेगळी. कित्येक इमारतींत पाटी असते की घरकाम करणाऱ्यांनी आणि सामान आणणाऱ्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये. कुणी कुठवर यायचं याचे नियम ढाळजेत निदान तोंडी होते. आपण ते छापून, लॅमिनेट करून लावले.

सुरक्षेचं कारण मला समजतं. चोऱ्या होतात, एकटी म्हातारी माणसं राहतात, कुणी आलं-गेलं याची नोंद असावी. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईनं कोणत्या लिफ्टनं वर यावं याचा चोरीशी काय संबंध? जिच्या हातची पोळी चालते तिच्यासोबत सहा मजले उभं राहणं चालत नाही, हे कोणत्या सुरक्षेत बसतं?

आणि गंमत अशी की ढाळजेतलं जे चांगलं होतं ते मात्र आपण उचललं नाही. जुन्या ढाळजेत भेदभाव होता, तो तिथल्या मालकांनी पाळला आणि बाकीच्यांनी सोसला. पण तिथं सावली होती. बऱ्याच ठिकाणी पाण्याचा रांजण असायचा. वाटसरूला टेकायला ओटा होता. आपल्या गेटवर काय आहे? उन्हात उभा असलेला पोरगा, आणि दहा-बारा तास ड्युटी करणारा एक वॉचमन, ज्याच्यासाठी अनेक सोसायट्यांत धड संडासही नाही. तो पुष्कळदा आमच्याच मराठवाड्यातला असतो, दुष्काळानं शहरात आणलेला. गावाच्या वेशीवर उभं राहून राखण करणारा आणि ओट्यावर जागा नसलेला माणूस आठवतोय? तोच इथं युनिफॉर्म घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलाय.

प्रवेशाची जागा कुठल्याही समाजात असणारच. घराला दार असणार, दाराशी कुणीतरी थांबणार. प्रश्न एवढाच की थांबलेल्या माणसाला आपण कसं वागवतो, आणि त्याला थांबवायचं कारण त्याचं काम आहे, कपडे आहेत, जात आहे की खरोखरच सुरक्षा आहे. वाड्याच्या मालकांना हा प्रश्न कुणी विचारू शकत नव्हतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मात्र तो तुम्ही-आम्ही विचारू शकतो. तिथं आपल्याला मत आहे.

म्हणून पुढच्या सभेत पार्किंग आणि पेंटिंगचं झालं की तीन विषय मांडा. गेटजवळ सावलीत एक बाक आणि पिण्याचं पाणी. वॉचमन, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्यांसाठी स्वच्छ संडास. आणि लिफ्टवरची ती पाटी काढणं. तिन्हींचा मिळून खर्च गेटवरच्या कॅमेऱ्यांपेक्षा जास्त होणार नाही. कुणी विरोध केला तर कारण विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. कारण लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ लोकांचा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एक विनंती. ढाळजेसारखेच कितीतरी शब्द आपल्याकडं आहेत. किल्ल्याच्या दरवाज्यातली पहारेकऱ्यांची देवडी, कोकणातली पडवी, वऱ्हाडातली छपरी, देशावरची ओसरी, गोव्यातला बलकांव. तुमच्या भागात दाराबाहेरच्या बसायच्या जागेला काय म्हणतात, आणि तिथं कुणाला बसू देत नव्हते, हे घरातल्या थोरांना विचारा आणि खाली लिहा. दुसरा प्रश्न विचारताना थोडं अवघड वाटेल. सांगणाऱ्यालाही वाटेल. तरी विचारा. शब्द कुणीतरी कोशात घालेल, पण तिथं कोण उभं असायचं हे सांगणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत.